मौल्यवान कोण?

बेसबॉलचा हंगाम संपला की खरा वाद सुरू होतो, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. मैदानं रिकामी होतात, थंडी पडायला लागते आणि मग घराघरांत, ऑफिसांत, टीव्हीवर चार तज्ज्ञांना ओळीने बसवून एकच विषय चघळला जातो. यंदाचं बक्षीस कोणाला? सर्वोत्तम पिचर कोण, नवोदितांमध्ये पहिला कोण, आणि सगळ्यांत मानाचं म्हणजे ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’, थोडक्यात एमव्हीपी, कोण?

आता गंमत बघा. नाव ‘सर्वोत्तम खेळाडू’ असं असतं तर निम्मा वाद मिटला असता. पण शब्द आहे ‘मौल्यवान’. मूल्य कोणासाठी? संघासाठी? खेळासाठी? कशात मोजायचं? भाषेच्या शिक्षिकेला याहून चांगलं खाद्य कुठलं!

माझा मुलगा सिॲटलजवळ राहतो. काही महिने तिकडे, काही महिने इकडे असा माझा क्रम गेली बरीच वर्षं चालू आहे. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत वाढलेली बाई मी, सत्तरीच्या उंबरठ्यावर नातवाकडून बेसबॉल शिकले. सुरुवातीला मला तो विटीदांडूचा श्रीमंत भाऊ वाटला. मग हळूहळू गोडी लागली. आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षाही या बक्षिसांच्या वादाची जास्त लागली.

निवड कशी होते ते आधी सांगते. बेसबॉलवर लिहिणाऱ्या वार्ताहरांची एक संघटना आहे, १९०८ साली स्थापन झालेली. १९३१ पासून एमव्हीपी तीच ठरवते. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीत १५ संघ. दर संघाच्या गावामागे दोन वार्ताहर, म्हणजे एका लीगला ३० मतदार. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत उतरत दहाव्याला १. मतं द्यायची ती १६२ सामन्यांचा हंगाम संपल्यावर, पण प्लेऑफ सुरू व्हायच्या आत. म्हणजे पुढे कोणी कितीही पराक्रम केला तरी तो यात धरला जात नाही.

मतदारांना सूचनापत्र मिळतं. त्यात ‘मौल्यवान’ शब्दाची व्याख्या दिलेली नाही! अशी नेमकी व्याख्या नाही, ज्याने त्याने ठरवावं, असंच त्यात म्हटलं आहे. फक्त काही खुणा दिल्या आहेत. संघाला प्रत्यक्ष उपयोग किती झाला, किती सामने खेळला, स्वभाव, निष्ठा, मेहनत कशी. संघ पहिला आलाच पाहिजे असंही नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने प्रश्नच मोकळा सोडावा आणि ३० परीक्षकांना सांगावं की आपापल्या बुद्धीने तपासा, तसा हा प्रकार.

२०२५ साली अमेरिकन लीगमध्ये जी चुरस झाली ती आमच्या घरात अगदी जेवणाच्या टेबलापर्यंत आली होती. एका बाजूला न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज. उंच, धिप्पाड, ०.३३१ची सरासरी, ५३ होम रन. (बेसबॉलमध्ये दहांतल्या तीनदा यश मिळालं तरी तो मोठा बॅटर. अपयशाचा हिशेब इतक्या मोकळेपणाने मांडणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.) दुसऱ्या बाजूला आमच्या सिॲटल मरिनर्सचा कॅल रॅली. सरासरी ०.२४७, म्हणजे तशी साधीच, पण होम रन ६०! आणि हा गडी कॅचर. नातवाच्या अंगावर त्याचा शर्ट कायम. त्याचं टोपणनाव ‘बिग डंपर’. ते कशावरून पडलं हे नातवाने मला हसत हसत सांगितलं, मी इथे लिहिणार नाही. सुज्ञांनी त्याचा पाठमोरा फोटो पाहावा.

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, असं मी आधी समजत होते. ते अर्धंच खरं आहे. कॅचर प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो, ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू झेलतो, आणि शिवाय पुढचा चेंडू कसा टाकायचा याची खूण पिचरला बऱ्याचदा तोच करतो. त्याच्या गुडघ्यांची आणि बोटांची दशा काय होत असेल! म्हणून कॅचरकडून कोणी मोठ्या बॅटिंगची अपेक्षा ठेवत नाही. कॅचरचा एका हंगामातला जुना विक्रम ४८ होम रनचा होता, २०२१ सालचा, साल्वादोर पेरेझचा. रॅली त्याच्या डझनभर पुढे गेला. १६२पैकी १५९ सामने खेळला, बहुतेक कॅचर म्हणूनच.

“आजी, तू कोणाला व्होट देशील?” नातवाने विचारलं.

मुलगा मधेच म्हणाला, “आई, त्याचं ऐकू नकोस. आकडे बघ.” मुलगा संगणकवाला, त्याचं मत जजला.

त्याने मला ‘वॉर’ नावाचा आकडा समजावून दिला. युद्धाशी संबंध नाही हो! कल्पना अशी की हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी सहज मिळणारा कोणी बदली माणूस उभा केला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते. मला ही कल्पना फार आवडली. बदली शिक्षक वर्गावर पाठवला की कायमच्या शिक्षकाची किंमत कळते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. यांनी त्याचं गणित केलं. पण हे गणित मांडणाऱ्या दोन प्रसिद्ध संस्थांचे आकडेही जुळत नाहीत. दोघींनी जजला वर ठेवलं, पण एकीच्या हिशेबात रॅली बराच मागे आणि दुसरीच्या हिशेबात थोडाच मागे. कारण काय, तर कॅचर काठावरचा चेंडू अशा सफाईने झेलतो की अंपायर तो ‘स्ट्राइक’ देतो. या कौशल्याला एक संस्था गुण देते, दुसरी देत नाही. म्हणजे आकडासुद्धा शेवटी कोणीतरी काय मोजायचं ठरवलं त्यावर अवलंबून!

आणि काय मोजायचं याचाच हा सगळा इतिहास आहे.

१९१० सालची गोष्ट ऐका. चामर्स नावाच्या मोटार कंपनीने जाहीर केलं, सर्वांत जास्त सरासरी असलेल्या बॅटरला मोटार बक्षीस. टाय कॉब आणि नॅप लजॉय यांच्यात चुरस लागली. कॉब भांडखोर, फारसा कोणाला न आवडणारा. आपण पुढे आहोत असं पाहून तो शेवटचे सामने खेळलाच नाही. शेवटच्या दिवशी लजॉयचे सेंट लुइसला लागोपाठ दोन सामने होते. तिथल्या संघाने काय केलं, तर आपल्या तिसऱ्या बेसवरच्या पोराला मुद्दाम मागे उभं केलं. लजॉयने चेंडू नुसता हळूच ढकलायचा आणि आरामात पोचायचं. दिवसभरात त्याच्या नावावर आठ हिट लागले! मग गवगवा झाला, त्या संघाच्या मॅनेजरची नोकरी गेली आणि कंपनीने शहाणपणा करून दोघांनाही मोटार दिली. नुसत्या आकड्यावर बक्षीस ठेवलं की आकडाच वाकवता येतो, हा धडा त्यातून मिळाला. पुढच्या वर्षापासून कंपनीने निवड वार्ताहरांच्या मतांवर सोपवली.

मग १९२२ ते १९२८ या काळात अमेरिकन लीगने स्वतःचं बक्षीस दिलं, त्यात नियम असा की एकदा मिळालं त्याला पुन्हा नाही. अगदी आपल्या शाळांसारखं, ‘याला मागच्या वर्षी दिलंय, यंदा दुसऱ्याला देऊ’. बेब रूथला ते १९२३मध्ये मिळालं होतं. १९२७मध्ये त्याने ६० होम रन मारले, तेव्हा तो स्पर्धेतच नव्हता. बक्षीस त्याचाच साथीदार लू गेरिगला गेलं. गेरिगही थोरच, त्याबद्दल वाद नाही. पण ६० होम रन काढणाऱ्याचं नाव त्या वर्षीच्या यादीत नाही, हे वाचताना चमत्कारिक वाटतंच.

१९४१ तर अजून उगाळलं जातं. टेड विल्यम्सने ०.४०६ची सरासरी राखली. त्यानंतर आजवर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणीही पूर्ण हंगामात ०.४००च्या पुढे गेलेला नाही. त्याच वर्षी जो डिमॅजिओने लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक हिट मारला. तोही विक्रम अजून अबाधित. बक्षीस डिमॅजिओला गेलं, यांकीज लीगमध्ये पहिले आले होते. पुढे १९४७मध्ये विल्यम्सने सरासरी, होम रन आणि आरबीआय, म्हणजे साथीदारांना घरी आणून मिळवलेल्या धावा, या तिन्हींत पहिला नंबर काढला. याला ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात. तरी बक्षीस पुन्हा डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१. एका गुणाने! विल्यम्सचं वार्ताहरांशी मुळीच पटत नसे, आणि मतं वार्ताहरांची. आता यात स्वभाव किती आणि खेळ किती मोजला गेला, देव जाणे.

अशा कथा वाचून नातू चिडतो. “हे अनफेअर आहे, आजी!” मी म्हटलं, अरे बाबा, थांब, पुढचं बघ. कारण यातली दुसरी बाजूही मला दिसते. चुकत माकत का होईना, ही मंडळी शिकत आली आहेत.

पिचरांच्या बक्षिसाचं उदाहरण घ्या. ते साय यंग या पिचरच्या नावाने आहे. तो १९५५मध्ये वारला, १९५६पासून त्याच्या नावाने बक्षीस सुरू झालं. त्याच्या नावावर ५११ विजय आहेत, इतके दुसऱ्या कोणाच्याच नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं समजूत अशी की जो पिचर जास्त सामने जिंकतो तो श्रेष्ठ. पण पिचर एकटा सामना जिंकतो का? त्याने समोरच्यांना एकच धाव दिली आणि त्याच्या संघाने शून्य केल्या, तर पराभव कोणाच्या नावावर? पिचरच्या!

२०१०मध्ये सिॲटलचा फेलिक्स हर्नांडेझ असाच एका दुबळ्या संघात अडकला होता. संघ १०१ सामने हरला. फेलिक्सने मात्र नऊ इनिंग्जमागे सरासरी २.२७ धावाच दिल्या होत्या. विजय १३, पराभव १२. प्रतिस्पर्ध्यांपैकी यांकीजच्या सी.सी. सबाथियाचे विजय २१. जुन्या हिशेबाने फेलिक्सचा विचारही झाला नसता. पण २८पैकी २१ मतदारांनी त्याला पहिला क्रमांक दिला. ५११ विजयवाल्याच्या नावाचं बक्षीस १३ विजयवाल्याला! पुढे २०१८मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमला १० विजय आणि ९ पराभवांवर ते मिळालं, ३०पैकी २९ पहिल्या मतांनी. आठ वर्षांत समजूत इतकी बदलली.

हे आपोआप झालं नाही. काही माणसं वर्षानुवर्षं वाद घालत राहिली की बाबांनो, तुम्ही माणसाचं काम मोजत नाही, त्याच्या शेजाऱ्यांचं मोजताय. आधी त्यांना लोक हसले, मग ऐकू लागले.

अर्थात जुना हिशेब लगेच सुटत नाही. २०१२मध्ये डेट्रॉइटच्या मिगेल कब्रेराने ट्रिपल क्राउन मिळवला, १९६७नंतर पहिल्यांदाच. समोर एंजल्सचा माइक ट्राउट, पहिलाच पूर्ण हंगाम खेळणारा, सरासरी ०.३२६, ३० होम रन, ४९ चोरलेले बेस, शिवाय क्षेत्ररक्षण अप्रतिम. कब्रेराला २८पैकी २२ पहिली मतं. एक कारण असं दिलं गेलं की त्याचा संघ प्लेऑफमध्ये पोचला. पण डेट्रॉइटने ८८ सामने जिंकले होते आणि एंजल्सने ८९! फक्त एंजल्सचा गट अवघड होता. एकाच परीक्षेत ८९ गुणांचा मुलगा नापास आणि ८८चा पास, कारण तुकडी वेगळी. आम्ही शिक्षक हे प्रकार चांगले ओळखतो.

या बक्षिसाच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र आकड्यांची नाही. एमव्हीपीच्या मानचिन्हावर १९४४पासून केनेसॉ माउंटन लँडिस यांचं नाव होतं. हे बेसबॉलचे पहिले कमिशनर, १९२०पासून मृत्यूपर्यंत. त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत एकही काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला नाही. जॅकी रॉबिन्सन आला तो १९४७मध्ये, लँडिस गेल्यानंतर. जॉश गिब्सन नावाचा थोर कॅचर त्याच वर्षी जानेवारीत वारला, रॉबिन्सनचा पहिला सामना एप्रिलमध्ये झाला. गिब्सनची बहुतेक कारकीर्द निग्रो लीगमध्ये गेली. २०२४मध्ये त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले, तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत हाच गिब्सन सर्वांत वर आला, ०.३७२. त्याच्या हयातीत ‘मौल्यवान कोण’ या वादात त्याचं नाव कोणी घेऊच शकत नव्हतं. यादीच मुळी अपुरी होती.

आणि गंमत म्हणावी की दुःख, पुढे हेच मानचिन्ह लँडिस यांच्या नावासह काळ्या खेळाडूंच्या हातात दिलं जात होतं. २०२०मध्ये बॅरी लार्किन आणि टेरी पेंडलटन या जुन्या विजेत्यांनी याबद्दल उघडपणे सांगितलं, आणि त्याच वर्षी वार्ताहरांनी मत घेऊन ते नाव काढून टाकलं. नवोदितांच्या बक्षिसाला मात्र १९८७पासून रॉबिन्सनचं नाव आहे. बक्षीस कोणाला द्यायचं याइतकंच ते कोणाच्या नावाने द्यायचं, हेही मूल्यच ठरवतं.

आता एक गोष्ट शाळेतली, कारण ती मला इथे आठवल्याशिवाय राहात नाही. मी शिकवत होते त्या एका शाळेत दर वर्षी ‘आदर्श विद्यार्थिनी’ निवडली जायची. निवड बंद खोलीत व्हायची, नाव स्नेहसंमेलनात जाहीर व्हायचं, विषय संपला. एका वर्षी एक पालक आले. गिरणीतून सुटलेले, आठवडी बाजारात भाजी विकणारे. मुलगी हुशार, शिवाय वर्गातल्या दोन कच्च्या मुलींना रोज मधल्या सुट्टीत गणित शिकवणारी. ते अगदी नम्रपणे म्हणाले, “बाई, बक्षीस नाही दिलं त्याचं काही नाही. पण माझ्या मुलीत काय कमी पडलं तेवढं सांगा, म्हणजे तिला सांगता येईल.” त्यांना कोणालाच उत्तर देता आलं नाही. कारण कारण कुठे लिहिलेलंच नव्हतं! त्यानंतर आम्ही काही जणींनी धरून बसून, निवडीचं कारण दोन ओळींत लिहून ठेवायची पद्धत सुरू करवली. त्या दोन ओळी लिहिताना आमचे वाद आधीपेक्षा दुपटीने वाढले, पण निवड सुधारली.

म्हणून मला या अमेरिकन वार्ताहरांचं एक फार आवडतं. त्यांच्या मतपत्रिका नावानिशी प्रसिद्ध होतात. कोणी कोणाला कितवा क्रमांक दिला हे सगळ्यांना दिसतं. १९९९मध्ये बॉस्टनचा पिचर पेद्रो मार्टिनेझ २३ विजय आणि २.०७च्या सरासरीसह सर्वांत जास्त पहिली मतं मिळवूनही १३ गुणांनी हरला, कारण दोन मतदारांनी त्याचं नाव दहांतसुद्धा घेतलं नव्हतं. पिचरांना त्यांचं वेगळं बक्षीस आहे, अशी भूमिका. त्या दोघांना पुढे वर्षानुवर्षं जाब विचारला गेला. पटो न पटो, त्यांना आपलं कारण सांगावं लागलं. मतपेटीपेक्षा हा जाब मला मोठा वाटतो.

तर २०२५चा निकाल. नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला. जजला १७ पहिली मतं, रॅलीला १३. गुण ३५५ आणि ३३५. दोघांच्या बेरजेत ३० पहिली आणि ३० दुसरी मतं, म्हणजे एकाही मतदाराने या दोघांच्या मधे तिसरं नाव घातलं नाही. इतका वाद, पण तेवढ्यापुरतं सगळ्यांचं एकमत!

नातू दोन दिवस गप्प होता. मुलाने शहाणपणाने विषय काढला नाही.

माझं मत? मी नातवाला सांगितलं ते इथेही सांगते. जजने जे केलं ते सगळं त्याच्या खात्यावर चोख जमा झालं आहे, आणि ती रक्कम मोठी आहे. ती मोठी म्हणणारे १७ जण चुकले असं मी म्हणणार नाही. पण रॅलीचं अर्धं काम पिचरच्या खात्यात जमा झालं. पिचरने बॅटर बाद केला की नोंद पिचरची, खूण कोणी केली, घाबरलेल्या नव्या पोराला मैदानाच्या मध्यावर जाऊन धीर कोणी दिला, याला रकाना नाही. जे दुसऱ्यांच्या खात्यात जमा होतं, त्याची किंमत बघणाऱ्यांनीच सांगावी लागते. म्हणून माझं मत रॅलीला. सिॲटलला राहते म्हणून नाही हो! (थोडं तेही असेल.)

मुलगा म्हणाला, “आई, मग ते मोजायची रीत शोधली पाहिजे.” शोधा की! फेलिक्सच्या वेळी तेच तर झालं. आज ज्याला रकाना नाही त्याला उद्या मिळेल, आणि तेव्हा आणखी काहीतरी रकान्याबाहेर राहिलेलं दिसेल. त्यासाठी वाद चालू राहिला पाहिजे, आणि वाद घालणाऱ्याने आपलं नाव खाली लिहिलं पाहिजे.

असो. नातवाने एका कागदावर माझी दहा नावं क्रमाने लिहून घेतली आहेत, खाली माझी सही मराठीत. दहावं नाव ठरवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.